काचेवरचा चेहरा

मशिन मी हलवलं आणि लबाड त्याला ठरवलं.

जामखेडच्या जत्रेत तो खेळवाला एका विलायती सिनेमाचं, बटनं दाबून लोखंडी गोळी उडवत ठेवायचं जुनं पिनबॉल मशिन टेम्पोतून आणायचा. दर खेळाआधी काचेवरच्या नायकाचा चेहरा उपरण्याने पुसायचा. एका वर्षी खेळताना गोळी खाली जाऊ नये म्हणून मी मशिनला मांडीने ढकललं. दिवे विझले, खेळ बंद पडला.

"यानं पायानं बटन दाबलं," मी ओरडलो.

"धक्का बसला की त्ये आपसूक बंद पडतं, भाऊ. बनवलंच तसं हाय."

मला ते पटलं, तरी गर्दीसमोर मी गप्प राहिलो. लोकांनी त्याला लबाड म्हणत ती काच फोडली.

यंदा तिसगावात तो फुगे विकताना दिसला. मी मशिनचं विचारलं.

"त्येचं तोंडच गेलं. भंगारात घातलं."

"मामा, धक्का मीच दिला होता," मी म्हणालो. "माफ करा."