एकाच चमच्यातलं औषध

मार्थाबाई गेल्याचं मला पाथर्डीच्या एसटीतल्या कंडक्टरनं सांगितलं. मी गावाच्या फाट्यावर उतरत होते, तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुमच्या इथून शेवगावकडं बदलून गेलेल्या नर्सबाई परवा वारल्या. कावीळ झाली हुती म्हनं." एसटी निघून गेली आणि मी पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले... आठ दिवसांनी पाथर्डीला शोकसभा झाली. पहिल्यांदा बोलायला उठले ते तालुक्याच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्या तक्रारीवरून बाईंची बदली झाली होती. सेवाभाव, त्याग, नम्रता, सगळे शब्द त्यांनी वापरले. मी मागच्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं, पण धीर झाला नाही. आता दीड महिना होत आला तरी त्या दिवसाचा संताप उतरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या गावात पगारावर असलेल्या बाया दोनच. मी शाळेत, त्या दवाखान्याच्या उपकेंद्रात. एकाच घराच्या शेजारशेजारच्या खोल्यांत आम्ही तीन वर्षं राहिलो. मार्थाबाई नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, अंगानं किडकिडीत, बोलायला अगदी मोजक्या. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद येतो, तो त्या कधी फेकू द्यायच्या नाहीत. दुपारी उंबऱ्यावर बसून डोळे बारीक करून वाचायच्या. मी हसायचे. "अहो, डॉक्टर वाचतात ना ते?" त्या म्हणायच्या, "वाचत असतील." एवढंच.

दुष्काळी कामं सुरू झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. खडी फोडायला जाणाऱ्या कौसल्येचं पाच महिन्यांचं पोर तापानं फणफणलं, छाती भरली. तिनं ते पदराखाली घेऊन तालुक्याला नेलं. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, टेट्रासायक्लिनची बाटली दिली, "दिवसातून चार वेळा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पाचव्या दिवशी ती पोराला घेऊन पुन्हा तिकडं गेली आणि तिथंच ते गेलं. त्याच दवाखान्यात, ओसरीवर बसलेल्या वीसेक माणसांदेखत, डॉक्टरसाहेब त्या आईला म्हणाले, "तुझ्या त्या घुटीनं मारलंस त्याला. अडाणी लोक." कौसल्या घरी आली ती कुणाशी बोलेना. सासूही बोलेना, कारण घुटी उगाळून देणारी तीच.

मार्थाबाई तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते. त्यांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही. कौसल्येजवळ बसल्या आणि विचारलं, "औषध कसं देत होतीस, मला करून दाखव."

कौसल्येनं कोनाड्यातली वाटी काढली. शेपा आणि वावडिंग उगाळून चुन्याच्या निवळीत कालवलेली घुटी त्या घरात प्रत्येक पोराला पोट दुखू नये म्हणून देत आले होते. "नुसती दवा लई कडू, बाई. थुकायचं ते. म्हून निवळीतच कालवून पाजली. चारीबी येळा पाजली, एकबी चुकवली न्हाई."

मार्थाबाईंचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. वाटेत त्या चालता चालता थांबल्या. "कागदावर स्पष्ट लिहिलंय," त्या म्हणाल्या, "चुन्याबरोबर, दुधाबरोबर हे औषध देऊ नये. चुना त्याला धरून ठेवतो, पोटातून रक्तात जाऊ देत नाही. तिनं चारही वेळा औषध दिलं आणि चारही वेळा त्यातलं बरंचसं वाया गेलं." मग चालू लागल्यावर म्हणाल्या, "वेगळं दिलं असतं तर पोर वाचलं असतं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तिला कुणी विचारलंच नाही ना... मारलंस म्हणाला तो तिला."

दुसऱ्या दिवशी त्या तो कागद घेऊन डॉक्टरसाहेबांकडे गेल्या. मागणी एवढीच होती की बाटली देताना आईला विचारावं, घुटी चालू आहे का, आणि दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगावं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला औषधं शिकवणार? हजार बायकांना मी घुट्या विचारत बसू?" पंधरा दिवसांत मेमो आला. डॉक्टरांच्या उपचारात ढवळाढवळ, रुग्णांची दिशाभूल. पुढच्या महिन्यात बदली. ज्या बाईनं एका आईच्या डोक्यावरचा खुनाचा आळ उतरवला, तिच्यावर दिशाभुलीचा ठपका! आणि ज्यानं तो आळ ठेवला, त्याला साधा जाबही कुणी विचारला नाही.

जायच्या आधी त्या कौसल्येच्या सासूकडे पुन्हा गेल्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. "आजी, घुटी वाईट नव्हती आणि तुमचा हातही वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "दोन चांगल्या गोष्टी एका वेळी पोटात गेल्या, इतकंच." म्हातारी कितीतरी वेळ रडली. त्यानंतर त्या घरात बोलणं सुरू झालं. कौसल्येला यंदा मुलगी झाली आहे, चांगली धडधाकट आहे.

उरला तो बायकांचा प्रश्न. घड्याळ कुणाकडे? दोन-तीन तास म्हणजे किती, हे कसं कळायचं? निघायच्या आदल्या दिवशी मार्थाबाईंनी मला शाळेच्या घंटेबद्दल विचारलं आणि घरोघर सांगून आल्या. शाळा भरल्याची घंटा झाली की औषध, मधल्या सुट्टीच्या घंटेला घुटी, शाळा सुटल्याच्या घंटेला पुन्हा औषध. सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना औषध द्यायचं, तेव्हा घुटी नाही.

मी बायकांना आजही तेच सांगते. मागं एका शनिवारी वरच्या आळीतली एक बाई कडेवर तापलेलं लेकरू घेऊन शाळेच्या दारात आली. म्हणाली, "बाई, उद्या रईवार हाय. उद्या घंटा न्हाई, मग दवा कवा द्यायची?"

रविवारी साडेदहाला मी जाऊन शाळेचं कुलूप काढलं आणि घंटेच्या लोखंडी पट्टीवर टोले दिले. मधल्या सुट्टीच्या वेळी दिले, संध्याकाळी दिले. हेडमास्तर वाटेत भेटले, म्हणाले, "बाई, आज कसली शाळा?" मी म्हटलं, "मार्थाबाईंची." पुढच्या रविवारी मी पोचले, तर कुलूप काढून ठेवलेलं होतं.