हळकुंडाचा दोरा

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पूर्ण न कळलेल्या गोष्टीवर लिहायला बसलोय, सांभाळून घ्या.

दादा पोहता पोहता अचानक गेला. हृदयाच्या ठोक्यांचा असा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो, असं सांगून डॉक्टरांनी दोघांनाही तपासायला बोलावलं. तिथलं यंत्र छातीला शिवत नाही. हृदयातून उमटणारं बारीकसं चुंबकत्व वरूनच टिपतं. म्हणून अंगावर धातू चालत नाही. आईने आधी गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधला, मगच मंगळसूत्र काढून बाबांकडे दिलं.

"पाडाल कुठंतरी."

"लग्नात पाडलं नव्हतं," बाबा म्हणाले. ती बाहेर येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

आमच्या घरातही दादाच्या दुःखाला कोणी हात लावत नाही, लांबूनच एकमेकांचं ऐकत राहतो. परतताना आईने एवढंच विचारलं, "माझ्याकडूनच गेलं असेल का रे त्याला?"

काल होस्टेलवर ताईचा फोन आला. आईचं हृदय चांगलं आहे. दोष बाबांच्यात निघाला, गोळ्या सुरू झाल्यात. ते ताटावरून उठायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "बसा. त्याचं हसणंही तुमचंच होतं."