घुमणाऱ्या नळ्या
पितळेला चिंच लावली, की मला गिरगावातली ती दुपार आठवते. गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, आळी ओस पडली होती. समोरच्या घरातलं तर कुणी उरलंच नव्हतं. मामंजींना शिकारीचा नाद, पण हात कापू लागलेला. म्हणून उडवलेली काडतुसं पुन्हा भरायला त्यांनी मला, सुनेला, शिकवलं. काजळलेल्या पितळी नळ्यांना कुजक्या अंड्यांचा वास येत होता. चिंचेने घासून मी त्या सज्ज्यात उन्हाला उभ्या केल्या, तशा वाऱ्याने त्या हलकेच घुमू लागल्या. “सूनबाई, दारू आणि गोळीच्या मध्ये पोकळी ठेवू नकोस,” मामंजी म्हणाले. “पोकळी राहिली की बंदूक आपल्यावरच फुटते.” मी नळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, काळी दारू ओतायची, पुठ्ठ्याची चकती दाबून वर शिशाची गोळी बसवायची. शेवटची नळी भरली, तरी घुमणं थांबेना. “मामंजी, आता काय वाजतंय?” समोरच्या उघड्या दाराकडे बघत ते म्हणाले, “रिकामं झालं की घरही वाजतं.” पुढे मामंजी गेले, मागोमाग हेही गेले. आज सकाळी तांब्या घासून पाण्याने काठोकाठ भरला, आणि तेच घुमणं कानावर आलं. घरात माझ्याशिवाय कुणी नाही.