बशीतली दक्षिणा

"भांडी घासशील! ऐकलंस का रं, परक्याची उष्टी भांडी घासशील तू तिकडं!"

कशेळ्याच्या नाक्यावर कर्जतची एसटी सुटायला आली होती, माझी ट्रंक टपावर चढली होती आणि बाबा खाली उभे राहून ओरडत होते. ज्यांनी माझ्या बाबांचा आवाज ऐकला नाही त्यांना काय सांगू! ते नांगराच्या बैलांना 'हो' म्हणाले की शेजारच्या तीन गावांतले बैल जागच्या जागी उभे राहायचे. त्या दिवशी तर भिवपुरीच्या वीजघरातले दिवे क्षणभर मंद झाले म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण मी त्या वीजघरात नोकरी केलेली आहे, दिव्यांतलं मला कळतं.

ती कायमची नोकरी सोडून मी मॉरिशसला एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून चाललो होतो. बाबांच्या मते समुद्रापलीकडे माणूस एकतर राजा म्हणून जातो नाहीतर गडी म्हणून, आणि आमच्या घराण्यात कुणी राजा झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. दिवस बाजाराचा. डोंगरावरच्या झाडून सगळ्या वाड्या मीठ-मिरची घ्यायला खाली उतरलेल्या. संध्याकाळी त्या परत चढल्या तेव्हा प्रत्येकीच्या टोपलीत मीठ, मिरची आणि माझी भांडी होती.

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना हे माहीतच आहे, कारण तुम्हीच ते पसरवलंत. आणि जे माझ्यासारखे गेलात त्यांना हेही माहीत आहे, की गावाने एकदा तुमच्याबद्दल काही ठरवलं की खुद्द ब्रह्मदेवाने अपील केलं तरी निकाल फिरत नाही. मी रजेवर यायचो ते टेरिलीनचा सूट घालून, तर चहावाला गोपाळशेठ विचारायचा, "काय रं, तिकडं राखेनं घासतात का साबनानं?" मी हसायचो. पण रात्री अंथरुणात पडून त्याला उत्तरं जुळवत बसायचो. गावाचं सोडा. बाबांनी एकदा, फक्त एकदा, गोपाळशेठच्या बाकावर बसून म्हणावं की पोरगा मानाने राहतो, एवढंच मला हवं होतं. आणि बाबा काही म्हणत नव्हते. ते भात झोडत होते.

शेवटी ऐंशीच्या दशकात मी त्यांना तिकीट काढून नेलं. आई म्हशीला सोडून येईना. मॉरिशसला आपले चार पिढ्यांपूर्वी गेलेले मराठी लोक आहेत, त्यांच्यात बाबा रमले, पण माझी परीक्षा चालूच होती. फ्रिज दाखवला. "हा." कारखान्यातला माझा हाताखालचा माणूस दाखवला. "हा." मोरीत मात्र ते रोज डोकावून यायचे. मी भांडी कुठेतरी लपवतो असा त्यांचा संशय होता.

मग मी ठरवलं, आता शेवटचा बार. शेजारी रेयुनियों नावाचं बेट आहे, विमानाने जरा डोळा लागतो तोवर येतं. पण बेट फ्रेंचांचं. तिथे बाबांना सुट्टीवर न्यायचं, समुद्रकाठच्या हॉटेलात टेबलाशी बसवायचं आणि फ्रेंच हातांकडून त्यांना वाढायला लावायचं. मग बघू म्हटलं, कोण कोणाची भांडी घासतो!

आम्ही रोज जेवायचो त्या समुद्रकाठच्या खानावळीची मालकीण होती मादाम रोझाली, कोठारासारखी रुंद आणि हसरी. वाढायला मारी नावाची चटपटीत बाई. तिथली क्रिओल बोली मॉरिशसच्या क्रिओलची चुलत बहीण, त्यामुळे माझी जीभ चालायची. आणि नवल म्हणजे ते लोक भात खातात! भात, मसूर, वर माशाची कारी, म्हणजे आपलं कालवणच. बाबांनी शीत बोटात चिरडून पाहिलं आणि निकाल दिला, "कोलम नाय. पन मानसं बरी वाटतात."

आता टिपेचं सांगतो. फ्रेंच भाषेत तिला पुर्बुआर म्हणतात, म्हणजे 'पिण्यासाठी'. आपलं चहापाणीच की! फरक इतकाच, आपल्याकडे चहापाणी काम होण्याआधी द्यायचं असतं. मारी बिलातून उरलेले सुटे पैसे बशीत घालून आणायची, ती बशी घरच्या वडीलधाऱ्या माणसापुढे, म्हणजे बाबांपुढे, अदबीने वाकून ठेवायची. मी ते सगळे पैसे तसेच राहू द्यायचो, वर खिशातलं एखादं जाड नाणं टाकायचो, बाबांना दिसेल अशा बेताने, आणि ऐटीत हात धुवायला उठायचो. माणूस बिघडतो तो असा.

पण मारीचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं. बोंजूर, म्हणजे त्यांचा नमस्कार, आखडला. पाण्याचा जग आदळायला लागला. मी म्हटलं, टीप कमी पडत असेल. वाढवली. तोंड आणखी उतरलं. पुन्हा वाढवली. मग ती मासळीचं डोकंच वाढायला लागली. मी एवढ्या टिपा टाकल्या की त्यात त्या बेटाचा एखादा कोपरा विकत आला असता, आणि बाई काही हसेना.

एका दुपारी बाबा खोलीतल्या पलंगावर पसरले आणि ढेकर देऊन म्हणाले, "देवमानसं रं ही. जेवायला घालतात आनि वर दक्षिना!"

"कसली दक्षिणा, बाबा?"

त्यांनी बंडीचा खिसा पलंगावर उपडा केला. खळ्ळकन आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे.

"आपल्याकडं वर्षश्राद्धाला भटजी जेवतो आनि आपन त्याच्या पानाशी दक्षिना ठेवतो. जलमभर ठेवली. हिकडं पयल्यांदा कोनी माझ्यापुडं ठेवली. तू हात धुवायला गेलास का मी कपाळाला लावतो, आनि तिला हात वर करून आशीर्वाद देतो. अन्नदाता सुखी भव. भटजी म्हनतो तसं."

मी हसता हसता पलंगावरून खाली पडलो. कुणब्याच्या पोराला फ्रेंच सरकारच्या राज्यात भटजीपद मिळालं होतं! डोळे पुसत मी त्यांना समजावलं, की ते पैसे त्या बाईचे, तिने वाढलं म्हणून मी ठेवत होतो.

बाबा हसले नाहीत. नाणी गोळा करायला लागले.

"म्हंजे रोज तिच्या डोळ्यांदेखत तिचं घेत होतो, आनि वर आशीर्वाद देत होतो?"

उठलेच. धोतराच्या सोग्यात नाणी बांधली आणि खानावळीकडे निघाले. मी मागे धावलो.

तिथे रविवारची झुंबड. आत कुणाच्या तरी बारशाचं जेवण चाललेलं, भांडीवाला आलेला नाही, आणि मोरीत बशा-पातेल्यांचा असा डोंगर रचलेला की माथेरानने वाकून नमस्कार करावा. बाबांनी सोगा सोडला आणि नाणी मारीपुढे धरली. मी क्रिओलमध्ये सगळी हकीकत सांगितली. मारीने ती ऐकली, बाबांकडे पाहिलं, आणि एप्रन तोंडावर धरून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मादाम रोझाली आली, तिनेही ऐकलं, तीही हसली, तेव्हा भिंतीलाच कुणीतरी धरायला हवं होतं.

पण नाणी कुणी घेईना. मादाम म्हणाली, सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर ठेवलेले खुशीचे. आजोबांच्या आशीर्वादाला दिले समजा.

मी भाषांतर केलं. बाबांचे कान लाल झाले.

"खुशीचं? फुकटचं म्हन की सरळ! पैसं घेत नाय ना ती? मग सावड करतो."

सावड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लावणीला आज तुमच्या शेतात आम्ही राबायचं, उद्या आमच्या शेतात तुम्ही. मजुरी नाही, उपकार नाहीत, हिशेब नाही. हाताला हात. हे क्रिओलमध्ये कसं सांगावं याचा मी विचार करतोय, तोवर बाबांनी धोतर खोचलं आणि ते मोरीत शिरलेसुद्धा. नारळाचा काथ्या शोधला, चुलीतली राख ओढली आणि पहिलं पातेलं पुढ्यात घेतलं.

मादाम ओरडली. मारी ओरडली. बाबांपुढे ओरडण्यात कोण टिकणार?

"उभा काय ऱ्हायलास रं?" ते माझ्यावर गरजले. "सावडीला यकटा येतो का कोन? बस खाली!"

आणि मी बसलो. टेरिलीनच्या सूटमध्ये, टाय मानेमागे टाकून, फ्रेंच माणसांची उष्टी भांडी घासायला. ज्या एका गोष्टीचा डाग पुसायला मी बाबांना समुद्रापार आणलं होतं, तीच गोष्ट त्यांच्या शेजारी बसून करत होतो. पहिली दोन पातेली लाजेत गेली. तिसऱ्याला बाबा म्हणाले, "बुडाला जोर लाव, कडेला नको," आणि त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घासला. लहानपणी लावणीच्या चिखलात आम्ही असेच शेजारी शेजारी वाकायचो. मारीने बाही सरसावून आमच्यात बैठक मारली. स्वयंपाकीही येऊन बसला. डोंगर उतरला तेव्हा भांडी अशी लखलखत होती की जहाजांनी दीपगृह समजून वळण घेतलं असतं.

मादामने मजुरी पुढे केली. "सावडीला पैसं नसतात," बाबा म्हणाले. "सांग तिला, लावनीला या." मी सांगितलं. "वी, वी," म्हणजे हो, हो, मादाम म्हणाली आणि बाबांचा हात हातात घेऊन हलवला. तिला वाटलं गंमत आहे. बाबांनी तो शब्द मानला.

आता मला लोक विचारतात, तुझं घर कोणतं, कशेळ्याचं की मॉरिशसचं? पूर्वी मी दोन्हीकडे पाहुणा असल्यासारखा गप्प बसायचो. आता छाती काढून सांगतो, जिथे सावड लागू आहे तिथे माझं घर. रजा झाली की पत्ता बदलतो, हात बदलत नाहीत. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. एका मोरीत, राखेने माखलेल्या हातांनी, समुद्राच्या मधोमध ते मला कळलं.

बाबांना परत पोचवायला मी बरोबर आलो. कशेळ्याला जीपमधून उतरलो तर नाक्यावर गर्दी जमलेली, आणि गोपाळशेठ कप विसळता विसळता ओरडला, "काय बाबा, बघून आलात ना डोळ्यांनी? आता खरं सांगा, भांडी कोन घासतं तिकडं?"

सगळा नाका पुढे सरकला. मी आभाळाकडे बघायला लागलो.

बाबा बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमी दोगांनी घासली," ते म्हणाले. "लावनीला ती मानसं हिकडं यायची हायत."