स्कीम मॅडमनी मागितलेली ओळ

स्कीम मॅडम कुठलाही कागद खालून वर वाचत. आधी सही, मग तारीख, मग मजकूर आणि सगळ्यात शेवटी नाव. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नवा आलेला प्राध्यापक हे पाहून हसायचा. मीही हसलो होतो. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सर, वर माणूस सांभाळून लिहितो. खाली येईपर्यंत त्याला जल्दी होते. गडबड तिथेच सापडते."

त्यांचं आडनाव वानखेडे, पण ते फक्त पगारपत्रकात. आठ सेमिस्टरांत कोणते विषय आणि किती क्रेडिट पुरे करायचे, हे सांगणाऱ्या विद्यापीठाच्या तक्त्याला आमच्याकडे स्कीम म्हणतात. तो दर काही वर्षांनी बदलतो. जुने-नवे सगळे तक्ते मॅडमना तोंडपाठ होते. घर महूचं, आजोबा आणि वडील दोघंही फौजेत. रोज महूहून बसनं येऊन त्या सगळ्यांच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात आपल्या खुर्चीवर असायच्या.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या वऱ्हांड्यात बसवून आठही सेमिस्टरांचे विषय फुलस्केप कागदावर हातानं लिहायला लावत. विषय पास झाला की मुलानं स्वतः खूण करायची, मॅडमनी शेजारी सही करायची. एकदा एक मुलगा कुरकुरला, "मॅडम, पोर्टल पे तो सब है." त्या मान वर न करता म्हणाल्या, "डिग्री पोर्टल को नहीं चाहिए भिया, तेरे को चाहिए. लिख."

मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख झालो आणि हे कागद बंद केले. भर बैठकीत मी म्हणालो की मॅडम, पाटी-पेन्सिलीचा जमाना गेला. सगळे हसले. मॅडमनी गठ्ठा लाल फडक्यात बांधला आणि कपाटात ठेवला.

त्यानंतर आरती पाटीदारचं प्रकरण झालं. देवासजवळच्या गावची मुलगी, घरातली पहिली इंजिनिअर होणारी. काविळीमुळे तिचं चौथं सेमिस्टर बुडालं आणि एक वर्ष गेलं. ती परत आली तोवर स्कीम बदलली होती. जुन्या तक्त्यात गणित तिसऱ्या सेमिस्टरला होतं आणि डिस्क्रीट स्ट्रक्चर चौथ्याला. नव्या तक्त्यात दोन्ही विषयांची अदलाबदल झाली होती. तिसरं जुन्या आणि चौथं नव्या तक्त्यानं केल्यामुळे आरती एकच गणित दोनदा पास झाली आणि डिस्क्रीट स्ट्रक्चर तिच्या वाट्याला आलंच नाही. क्रेडिटांची बेरीज पुरी भरत होती, म्हणून पोर्टलनं काही हरकत घेतली नाही. तिच्या नोंदणीच्या फॉर्मवर सही माझी होती. फोनवर बोलता बोलता मी त्या दिवशी सगळ्या वर्गाचे फॉर्म उरकले होते.

आठव्या सेमिस्टरच्या मध्यावर, अंतिम यादी तपासताना मॅडमना हे दिसलं. जादा विषय घेण्याची मुदत केव्हाच संपली होती. शहरातल्या विजय नगर भागातल्या एका कंपनीत आरतीची नोकरी ठरली होती आणि जुलैत डिग्री दाखवायची अट होती. विषय राहिला तर अजून एक वर्ष आणि नोकरी हातची गेलेली. डायरेक्टर साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे झालं कसं? मी म्हणालो, "सर, ऑफिसकडून बघायचं राहिलं असेल."

मॅडम फाईल घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि गेल्या. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण या वाक्याएवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

पुढचे चार दिवस मॅडम डबा खाता खाता विद्यापीठाची नियमावली वाचत होत्या. आरती समोर बसून रडायची. "रो मत बेटा, आँसू से क्रेडिट नहीं मिलते," त्या म्हणाल्या. "पानी पी और पढ़ाई चालू कर. परीक्षा तो होगी." नियम अजून सापडलेला नव्हता, तरी त्यांनी मला निरोप धाडला की सर, रोज तीन वाजता हिला शिकवायला घ्या. मी निमूट शिकवू लागलो.

पाचव्या दिवशी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. सोबत एक झेरॉक्स आणि टाईप केलेलं पत्र. संस्थेच्या चुकीमुळे विषय सुटला असेल, तर विभागप्रमुखाच्या लेखी कबुलीवर मुदतीनंतरही नोंदणी करता येईल, असं ते कलम होतं. पत्रात मधे एक जागा कोरी होती.

"नियम मिळाला, सर," मॅडम म्हणाल्या. "पण त्यात एक ओळ लागते. ती मी नाही लिहू शकत."

मी तरीही पळवाट शोधली. तांत्रिक त्रुटी असं लिहिलं तर, म्हणून विचारलं.

"मग पोर्टलवाले म्हणतील, आमचं सगळं बरोबर आहे. आणि खरंच आहे, सर."

"मॅडम, त्या दिवशी साहेबांसमोर मी जे बोललो—"

"ते नंतर, सर. डाक अडीचला जाते."

मी लिहिलं, 'ही नोंदणी न तपासता मी मंजूर केली. चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही आणि कार्यालयाचीही नाही.' मॅडमनी कागद पाहिला. "नियमाला एवढं नको होतं," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की मला हवं होतं. त्या किंचित हसल्या आणि अडीचच्या आत पत्र गेलं.

मला मेमो मिळाला, तो रास्तच होता. परीक्षेला सहा दिवस उरले असताना विद्यापीठाची मंजुरी आली. आरती पेपरला बसली आणि निकाल लागला तेव्हा त्या विषयात वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे होती. जुलैत ती नोकरीवर रुजू झाली. नव्या सत्रात मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना वऱ्हांड्यात बसवलं आणि फुलस्केप वाटले. मॅडम लांबून बघत होत्या. जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "समास सोडायला सांगा, सर."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. हॉल भरला होता, जुनी मुलंही आली होती. आधी मी बोललो. डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये मी काय म्हणालो होतो आणि खरं काय होतं, ते माईकवरून सगळ्यांना सांगितलं. मॅडम खाली बघत राहिल्या.

मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही. ऑफिसातून थेट आलेल्या आरतीला त्यांनी मंचावर बोलावलं आणि तिला बरोबर आणायला सांगितलेली डिग्री मोठ्यानं वाचायला लावली. तिनं विद्यापीठाच्या नावापासून कुलगुरूंच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. ती वाचत असताना मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

वाचून झाल्यावर मॅडम माईककडे वाकल्या. "अपना भाषण हो गया," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

टाळ्या सुरू होण्याआधीच मी उभा राहिलो होतो. बाकीचा हॉल नंतर उठला.