शोभासाठी राखलेलं कार्ड

"मोठे बाबा, बाबा मशीनपाशी बसले ते उठूनच नाही राहिले."

मधुकरच्या पोरीचा, प्रणालीचा फोन आला तेव्हा मी फर्स्ट शिफ्ट करून नुकताच जेवायला बसलो होतो. सेक्टर दहामधून स्कूटर काढली आणि कोहक्याला त्यांच्या शेडवर पोचलो, तोवर शेजाऱ्यांनी मधुकरला ऑटोत घालून हॉस्पिटलला नेलं होतं. तिथं काउंटरवर पहिला प्रश्न आला, "कार्ड है क्या?" प्रणालीनं सरकारी आरोग्य कार्ड पुढं केलं. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं, कोरं करकरीत, एकदाही न वापरलेलं. काउंटरवरची बाई त्याचा नंबर टाकत होती, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि नंबर टाकायची गरज उरली नाही. महिना उलटला, तरी माझा राग जात नाही. नेमका कोणावर आहे तेही सांगता येत नाही... बहुतेक मधुकरवरच.

मधुकर माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान. मी स्टील प्लांटमध्ये परमनंट लागलो, त्यामुळं माझ्या घरात कोणाला शिंक आली तरी प्लांटचं हॉस्पिटल आहे. तो लागला कुम्हारीच्या एका कारखान्यात, लोखंड कातायच्या लेथवर. स्वतःची एक लेथ मशीन टाकायची हे एकच खूळ त्याच्या डोक्यात. पण त्याच्या बायकोच्या, शोभाच्या हृदयाचा एक वॉल्व्ह बदललेला होता. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज आणि रक्ताची तपासणी दर महिन्याला, जन्मभर. हे सगळं कामगार विम्याच्या दवाखान्यातून फुकट मिळायचं, आणि विमा होता नोकरीमुळं. म्हणून मालकाशी वाजलं की मधुकर संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसायचा, उद्यापासून जात नाही म्हणायचा आणि सकाळी मुकाट्यानं कुम्हारीची बस धरायचा. तुझं लग्न शोभाशी झालं की मालकाशी, असं मी चिडवायचो. तो हसायचा.

मग ते कार्ड आलं. आधी ते गरिबांच्या यादीतल्यांनाच होतं, नंतर सगळ्यांना मिळू लागलं. मधुकर पेढे घेऊन घरी आला. "दादा, आता मले मालकाची गरज नाही. शोभाचं ऑपरेशन निघालं तरी सरकार पाहून घेते." पुढच्याच महिन्यात त्यानं नोकरी सोडली, कोहक्यात एक शेड भाड्यानं घेतली, जुनी लेथ आणली. प्रणाली आयटीआय झालेली, तीही बापाच्या शेजारी उभी राहून काम करू लागली. दोघं तेलानं माखलेल्या हातांनी चहा प्यायचे. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

खोट नंतर कळली. कार्ड चालतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी त्यात नाही. म्हणजे माणूस आडवा पडेपर्यंत सरकार वाट पाहणार, आणि पडू नये म्हणून जे करायचं ते ज्यानं त्यानं करायचं. हा कुठला न्याय, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. मधुकरची मात्र तक्रार नव्हती. मशीन चालते तोवर गोळ्या येतात म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याची छाती दुखू लागली. मी ओढत डॉक्टरकडं नेला. त्यांनी भरती होऊन तपासणी करून घ्यायला सांगितलं. मधुकर बाहेर आला आणि थेट शेडवर गेला. मी मागोमाग गेलो, कावून भरती होत नाहीस म्हणून विचारलं.

"घरभराचं मिळून वर्षाचं एकच लिमिट आहे ना कार्डात, दादा. माझ्यावरच खर्चून टाकलं अन् शोभाचा दुसरा वॉल्व्ह बदलाचा निघाला, तर?"

"वर्ष संपलं का उरलेलं बुडते ते. लोणचं घालाचं आहे का त्याचं?"

"तेच तर. वर्ष सरू दे. तिले नाही लागलं तर बुडणारंच आहे, तवा मी जातो भरती."

असा हिशेब! बायकोला लागलं नाही तर उरलेल्यात आपण बरं व्हायचं. आमच्याकडची माणसं घरात जेवतातही अशीच, सगळ्यांचं झाल्यावर. त्यानं आजारही तसाच पंगतीच्या शेवटी बसवला. मी चिडलो, अद्वातद्वा बोललो, शोभाला सांगितलं. ती रडली, त्याच्या पाया पडली. तो नुसता हो हो म्हणत राहिला... आणि दुखणं अंगावर काढत राहिला. काउंटरवरच्या त्या बाईनं मला नंतर सांगितलं, दोघांचंही त्यात सहज झालं असतं.

पुण्यानुमोदनाला त्याचा जुना मालक आला होता. वंदना होईपर्यंत मागं शांत बसला. जाताना म्हणाला, पोरीला लेथ येते, तिनं यावं कारखान्यात. माणूस वाईट नव्हता, हेच मला जास्त झोंबलं. प्रणालीनं पगार विचारला नाही. विम्यात आईचं नाव लागते का, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला. आता बापानं सोडलेली कुम्हारीची बस ती धरते.

काम संपलं की मधुकर मशीनवर उघड्या तळव्यानं तेल फिरवायचा. फडकं घेत नसे. हाताला गंज आधी कळतो म्हणायचा. गेल्या रविवारी मी शेडवर गेलो, तर प्रणाली तेच करत होती. मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि मशीन विकायचं आहे का, असं विचारलं.

"नाही, मोठे बाबा," ती तळवा फिरवत म्हणाली. "तेल देऊन ठेवून राहिली. कार्डात आईच्या गोळ्या आल्या का चालू करू."

वर्ष सरू दे म्हणणारा तिचा बाप असाच, मान वर न करता बोलला होता. मला ओरडावंसं वाटलं. तिनं हात पुसले आणि शटर ओढायला मला उठवलं.