आईला कोणी विचारलं नव्हतं

देवीनं उजवा कौल दिला होता, आणि तरीही आई गेली. या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवता येईनात, म्हणून मी कित्येक महिने देवापुढे दिवा लावला नाही. शाळेत शिकवायचे, घरी येऊन पुस्तक उघडायचे, आणि पान उलटायचं राहून जायचं. आता लिहायला बसले आहे ते कुणाला काही पटवून देण्यासाठी नाही. आईच्या अखेरच्या दिवसांत एक अनोळखी बाई आमच्यात आली. तिनं जे केलं त्याचा अर्थ मला फार सावकाश उमगला. तेवढा नीट सांगावा, इतकंच.

आई गावी एकटी राहायची. गाव राजापूरपासून आत, एसटीच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. दादा मुंबईत कारखान्यात आणि मी रत्नागिरीत शिक्षिका. लावणीच्या दिवसांत बांधावरच्या जांभ्या दगडाचं टोक तिच्या डाव्या पायाला लागलं. साखरेच्या आजारानं पाय आधीच बधिर झालेला, त्यामुळे दुखलं नाही. हळद दाबून ती पुन्हा चिखलात उतरली. मी घरी गेले तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. तिला रत्नागिरीला आणलं, एका लहानशा खाजगी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाही तर विष अंगात चढेल. आणि काढला तरी हृदय कमजोर आहे, खात्री देता येत नाही.

मी दादाला तार केली. तो आधी गावी उतरला. आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना भिजवलेल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून आपलं मागणं देवीपुढे मांडतो, आणि उजवीकडची आधी पडली की तो होकार. रत्नागिरीला आल्यावर दादानं सांगितलं, की जमलेले लोक "व्हय महाराजा" म्हणेपर्यंत उजवी पाकळी सुटली. आमचं ठरलं. आईला सांगायचं की जखम साफ करायची आहे, बाकीचं शुद्धीवर आल्यावर बघू. ती आयुष्यभर त्या पायांवर उभी राहिलेली. कळलं तर धसक्यानं जाईल, ही दोघांचीही भीती. मी तर सही द्यायच्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून देवीला एकच मागितलं होतं, की आईला कळू देऊ नकोस.

नेमक्या त्याच सकाळी नेहमीच्या सिस्टर रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी आठवड्यापुरत्या बदलीवर एक प्रौढ सिस्टर आल्या. ठेंगण्या, जाड चष्मा, बोलणं सावकाश. त्या संमतीचा कागद घेऊन आल्या तेव्हा दादानं खिशातलं पेन काढून ठेवलं होतं.

"सही कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"मी. थोरला मुलगा."

"आजी शुद्धीवर आहेत. सकाळी मला सांगत होत्या, तुमच्या दवाखान्यातला भात म्हणजे चिकटवायची खळ. त्यांना माहीत आहे ना, काय काढणार आहेत ते?"

दादा पेनाचं टोपण फिरवत राहिला.

"जखम साफ करायची असं सांगितलंय," दादा हळूच म्हणाला. "खरं कळलं तर आत्ताच प्राण सोडील ती."

"आणि उद्या उठून पाय शोधतील, तेव्हा?"

दादाचा आवाज चढला. "सिस्टर, आमच्या देवीचा उजवा कौल आहे. तुम्ही मध्ये येऊ नका."

"कौल घेतलात ते चांगलं केलंत. मी देवीच्या आड कशाला येऊ? पण इथं साक्षीदार म्हणून माझी सही लागते. पेशंटला सगळं समजावलं आणि त्यांची संमती आहे, असं वर लिहिलंय. कायद्यानं हे त्यांना विचारायचं. आणि कायदा नसता तरी पाय त्यांचाच आहे. न समजलेल्या माणसाला समजलं म्हणून मी सही करणार नाही."

"डॉक्टरांना सांगेन मी. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. आठवड्याचीच तर आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच डॉक्टरांच्या खोलीकडे वळल्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या. "बाई, सांगणं डॉक्टरांचं काम आहे, ते मी करणार नाही. पण ते सांगतील तेव्हा मी आजींच्या उशाशी उभी राहीन."

डॉक्टर आधी वैतागले होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण आले. स्टूल ओढून आईसमोर बसले आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं, धोकासुद्धा. सिस्टर आईच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. आईचा आक्रोश ऐकू येईल म्हणून वाट पाहत राहिले. तो आला नाही. आला तो तिचा नेहमीचाच कोरडा आवाज.

"देवीला इचारलंत?"

"होय आई," दादा म्हणाला. "उजवा दिलान."

"देवीला इचारलंत. डॉक्टरला इचारलंत. आणि पाय कोणाचा रे, गुरवाचा?"

दादानं मान खाली घातली. डॉक्टरसुद्धा क्षणभर हसले.

"देवी व्हय म्हणाली ती तिच्याकडनं," आई म्हणाली. "माझं मी सांगते. जरा थांबा."

ती दुपारभर खिडकीकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. मी जवळ गेले तर हातानं खूण करून दूर बसवलं. ऊन उतरल्यावर तिनं हाक मारली. "बाय गो, त्या सिस्टरला बोलाव. काढा म्हणावं. पण आधी धुवा त्याला. चिखलातनं आणलेला तसाच द्यायचा काय?"

सिस्टरनी कोमट पाणी आणलं. जखमेला पाणी लागू नये म्हणून ती नीट झाकली आणि कापसाचा ओला बोळा दादाच्या हातात दिला. दादानं घोटा पुसला, नखं पुसली. देवीचे पाय धुताना गुरव जसा वाकतो तसा तो वाकला होता, आणि मग त्यानं आपलं कपाळ त्या पायावर टेकलं ते उचलेचना. आई त्याच्या केसांतून हात फिरवत पायाशी बोलत होती. "दमलास रे. पुष्कळ चालवलं तुला. जा आता."

मग सिस्टरनी कागद पुन्हा वाचून दाखवला. "आजी, तुम्हीच सांगा, कुठला पाय?"

"डावा. दुसऱ्याला हात लावाल तर बघा!"

आईनं अंगठा उठवला. त्याखाली सिस्टरनी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर आईनं चादरीखाली एकदा चाचपून पाहिलं आणि डोळे मिटले. पुढचे दिवस ती आमच्याशी खूप बोलली. लहानपणी आम्ही केलेल्या खोड्या, बाबांच्या गोष्टी. एकदा मला म्हणाली, "बाय गो, त्या गेलेल्या पायाला खाज सुटल्ये. आता कुठं खाजवू सांग!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. नंतर बाहेर व्हरांड्यात येऊन मी रडले. नसलेला पाय आहेसा वाटतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. काही न सांगता तिला नेलं असतं, तर तिनं काय चाचपलं असतं, कोणाकडे पाहिलं असतं, तिला उत्तर द्यायला आमची तोंडं कुठं होती?

काही दिवसांतच तिचं हृदय थकलं. पहाटे मी तिचा हात धरून बसले होते. तिच्या नजरेत आमच्याबद्दल कसलाही संशय नव्हता. तशीच ती गेली.

मला आता वाटतं, आईला कळू नये असं त्या जिन्यात मी मागितलं ते देवीनं दिलं नाही, यातच तिची माया होती. शरण जाणं म्हणजे सगळं देवावर सोपवणं, असं मी वाचत आणि शिकवत आले होते. पण आपलं असेल तेच सोपवता येतं. आईचा पाय आम्हाला देवीला वाहता येत नव्हता, मग आमची माया कितीही खरी असो. तो आईनं दिला. तिला तो देऊ देणारी बाई त्या दिवशी आमच्याकडे पाठवली गेली, याहून मोठं काही मला मागताही आलं नसतं. ती आठवड्यानं निघून गेली. मी तिचे धड आभारही मानले नाहीत. तिच्यासाठी आणि आईसाठी आज हात जोडते. आई, तुला विचारलं गेलं. तू उत्तर दिलंस. ते ऐकायला मी तिथे होते.